तीनशे साठ पानं

आमच्या पुंडलिकनगरच्या कोपऱ्यावर भाजीवालीनं आज वाटे लावले. गवार, कारलं, भोपळ्याची एक फोड, आळूची चार पानं, मूठभर भेंडी. सगळं थोडं थोडं, एका माणसाच्या पानापुरतं. म्हणजे पितरपाठ लागला. पंचांग उघडायच्या आधी मला तो तिच्या टोपलीत दिसतो.

"घ्या बाई, पितराचा वाटा," ती म्हणाली. "कुनाची तिथ हाय तुमच्याकडं?"

"काकूची," मी म्हणाले, आणि पिशवी पुढं केली.

घरी येऊन गवार मोडायला बसले. गवारीचा तो हिरवा, किंचित कडवट वास बोटांना लागला आणि मी देवगाव रंगारीला, आमच्या ओसरीवर जाऊन बसले. वय दहा.

भाद्रपद हा मोठा अवघडलेला महिना. पाऊस गेला म्हणावं तर गेलेला नसतो, राहिला म्हणावं तर दिसत नाही. सकाळी ऊन पाठ भाजून काढतं, दुपारी ढग येतात आणि नुसते बसून राहतात. आमच्या मळ्यात तेव्हा बाजरी कणसात आलेली असायची. बांधावर कुरडू आणि तरवड फुललेला. शिवना नदीला गढूळ पाणी. आणि गावात रोज कुणाच्या तरी घरी तळणाचा, खिरीचा वास. रोज कुणाचं तरी मेलेलं माणूस जेवायला आलेलं. मला त्याची कधी भीती वाटली नाही. गेलेली माणसं वर्षातून एकदा येतात, जेवतात, परत जातात, इतकं ते साधं होतं. आमचे आजोबा पंचमीला जेवायचे, आजी नवमीला. मी त्यांना पाहिलं नव्हतं, पण त्यांना काय आवडतं ते मला ठाऊक होतं.

घरात एकच माणूस असा होता, ज्याला तिथी नव्हती. विठ्ठलकाका.

आप्पांचे, म्हणजे माझ्या वडलांचे, ते धाकटे भाऊ. पोलीस ॲक्शन झाली त्या भाद्रपदात ते गेले आणि मी त्यानंतर दीड-दोन वर्षांनी जन्मले. महालक्ष्म्यांच्या सणाला आत्या माहेरी आली होती. तिला फुलंब्रीला सासरी पोचवून यायचं होतं. दिवस वाईट होते. रोज एक नवी बातमी यायची आणि रोज कुठली तरी वाट बंद व्हायची. आप्पा म्हणाले, आठ दिवस थांब. पण आत्याचं लेकरू तिकडं तापानं पडलं होतं, तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. काका तिला घेऊन निघाले. नीट पोचवलं, तिथं मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी बांधून घेऊन परत निघाले. दोन दिवसांची वाट. ते देवगावला आलेच नाहीत.

त्याच दिवसांत ॲक्शन झाली. पुढं कितीतरी दिवस कोण कुठं आहे याचा पत्ता कुणालाच नव्हता. वाटा मोकळ्या झाल्यावर आप्पा शोधायला निघाले. शहर पालथं घातलं, खुलताबाद, वेरूळ, वाटेवरचं एकेक गाव. ठाण्यात गेले, दवाखान्यात गेले. कुणी म्हणालं, शहराच्या अलीकडं एका विहिरीवर पाणी पिताना पाहिला. कुणी म्हणालं, तो दुसराच कुणीतरी. काकांना कुणी मारलं, कुणी धरून नेलं, की ते तापानं कुठं झाडाखाली पडले, हे आजवर कळलेलं नाही. त्या दिवसांत पुष्कळ घरांतली माणसं अशी नाहीशी झाली, आमच्या गावच्या मुसलमान आळीतलीही. त्यांच्या बायकाही दाराशी उभ्या राहत असतील.

गोदाकाकू तेव्हा एकोणीस वर्षांची होती. लग्नाला तीन वर्षं झालेली. मूलबाळ नाही.

मला आठवते ती काकू कपाळावर ठसठशीत कुंकू लावणारी, हातात हिरव्या बांगड्या घालणारी. पण गावातल्या बायकांना तिचं काय करावं ते कळत नसे. हळदी-कुंकवाला तिच्यापाशी आलं की करंडा धरलेला हात क्षणभर अडायचा. लग्नघरी हळद दळायला सवाष्णी उठल्या की कुणीतरी मायेनं म्हणायचं, "गोदे, तू बस. दमली असशील." काकू न दमताच बसायची. तिला बोलवायचं राहिलं असं कधी झालं नाही आणि तिला पुढं केलं असंही कधी झालं नाही. बारा वर्षं ती अशी उंबऱ्यावर उभी होती. मला तेव्हा एवढंच कळायचं की काकूच्या शेजारी बसलं की ती आपल्या पदराचं टोक माझ्या हाताभोवती गुंडाळत राहते.

त्या वर्षी आषाढात आईचं बाळंतपण झालं आणि बाळ रडलंच नाही. माझ्या पाठीवरचं ते तिसरं. आधीची दोन बारशाच्या आतच गेली होती. आई भिंतीकडं तोंड करून पडून असायची. पितरपाठाच्या तोंडावर फुलंब्रीहून आत्या आली. तिनं आईचं डोकं मांडीवर घेतलं, आणि आप्पांना म्हणाली,

"विठ्ठलदादा अडकलाय. त्याला गती नाय. म्हनून घरात पाळना ठरंना."

काकू चुलीपुढं भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.

"वन्सं," ती म्हणाली, "जित्यापनी कुनाच्या अंगाला बोट लावलं नाय त्या मानसानं. मेल्यावर लेकरं खाईल व्हय?"

आत्या रडायला लागली. ज्या भावानं आपल्याला सुखरूप पोचवलं आणि स्वतः पोचला नाही, त्या भावाबद्दल असं बोलताना तिला काय झालं असेल, ते मला आता कळतं. तिला भाऊ मोकळा व्हायला हवा होता. कदाचित त्याच्यासाठी, कदाचित स्वतःसाठीही.

आप्पांनी जोशीबुवांना बोलावलं. म्हातारे, वाळक्या अंगाचे, आवाज अगदी हळू. ते ओसरीवर घोंगडीवर बसले आणि समजावून सांगू लागले. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची असते. ती भरली. आता पळसाच्या पानांचा माणूस करायचा, त्याला अग्नी द्यायचा, मग सुतक, मग पिंड. "आत्मा मरत नाही, रावसाहेब," ते आप्पांना म्हणाले. "पण देहाला अग्नी मिळाला नाही तर त्याला पुढची वाट दिसत नाही. तो इथला राहत नाही आणि तिथला होत नाही."

काकू दाराआड उभी होती. ओसरीवरच्या बैठकीत तिनं कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी उघडलं.

"आन् ते जित्ते असले तर?"

आप्पांनी मान खाली घातली. जोशीबुवांनी मात्र तिच्या प्रश्नाला नीट उत्तर दिलं, जसं एखाद्या जाणत्या माणसाला द्यावं.

"त्याचीही सोय शास्त्रानं केलीय, गोदाबाई. विधी झाल्यावर माणूस परत आला, तर तो त्याचा नवा जन्म. त्याला लहान बाळासारखं न्हाऊ घालायचं, तुपानं. बारसं करायचं, नाव ठेवायचं. आणि त्याचं लग्न पुन्हा लावून द्यायचं. त्याच बायकोशी."

काकू हसली. बारा वर्षांत तिला तशी हसताना कुणी पाहिलं नव्हतं. एवढंसं, झटकन आलेलं आणि गेलेलं हसू.

"म्हंजी मला वाट बघता यील."

"बघा की. वाट बघायला कुणाची ना नाही."

ती दाराशीच थांबली. मग तिनं दुसरा प्रश्न विचारला. "आन् मेले असले तर?"

जोशीबुवा दुष्ट नव्हते. "तर पोरी," ते म्हणाले, "बारा वर्षं तो तहानलेला आहे. त्याच्या नावानं अजून कुणी पाणी सोडलेलं नाही."

काकू आत निघून गेली.

तिनं हा विचार कधी केलाच नव्हता. बारा वर्षं ती जिवंत माणसाची वाट पाहत होती. तो उन्हात असेल, तुरुंगात असेल, परमुलखात असेल, दुसरी बायको करून बसला असेल, सगळं तिनं मनात आणून पाहिलं असणार. पण तो मेलेला आहे आणि आपण पाणी देत नाही म्हणून घसा कोरडा करून कुठंतरी उभा आहे, हे चित्र तिला पहिल्यांदा दिसलं. दोन दिवस तिच्या घशाखाली घास उतरला नाही.

तिसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर मळ्यात गेले. बाजरीवर पाखरं उतरत होती. ती माचणावर बसली, गोफण मांडीवर तशीच. पाखरं कणसं फोडत राहिली आणि तिनं एकही दगड मारला नाही.

"शाळंत तुला शिकवत्यात का गं," तिनं विचारलं, "मानूस मेल्यावर कुठं जातो ते?"

"नाय. आमाला नद्या शिकवत्यात."

"मंग तुला तहान लागली, आन् मी पानी हातात धरून नुसतीच बसले, तर तू काय म्हनशील मला?"

मी विचार केला. "मी रडंल," म्हणाले.

"ते रडनार नायत," काकू म्हणाली. "ते काय बोलनारच नायत. तसेच हुबे राहत्याल."

त्या संध्याकाळी आप्पा हातपाय धुवून ओसरीवर टेकले, तेव्हा ती दाराबाहेर आली. पदर डोक्यावर घेतलेला, पण उभी समोर.

"करा, भावजी. जित्ते असले तर त्यांना जित्तेपनी जाळल्याचं पाप माझ्या डोक्यावर. त्यांच्यावर नको, तुमच्यावर नको. आन् मेले असले तर त्यांना पानी मिळू द्या."

पुढं मी शिक्षिका झाले. मुलांना धड्यात शिकवलं की आत्मा अमर आहे, जसं कर्म तसं फळ, ज्याचं कर्म त्यालाच भोगावं लागतं, आणि जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका म्हणजे मोक्ष. चार ओळींचं उत्तर, मुलं घोकून पाठ करायची. ज्याचं त्यालाच, या शब्दापाशी दरवर्षी माझा आवाज जरा अडायचा. कारण मी एका बाईला दुसऱ्याचं मागून घेताना पाहिलं होतं. घडलेलं नसलेलं पापसुद्धा तिनं आधीच पदरात घेऊन ठेवलं होतं. शास्त्राला ते चालतं की नाही, मला माहीत नाही.

पळसाची पानं आणायला काकू आणि मी गेलो. तीनशे साठ हवी होती. माणसाच्या अंगात तितकी हाडं असतात, जोशीबुवा म्हणाले होते. टेकाडाच्या उतारावर पळस दाट होता, पावसानं धुतलेला, पानं हिरवीगार आणि जाड. मी भराभर ओरबाडून आणायची, काकू एकेक पान उजेडात धरून बघायची. फाटलेलं नको, किडीनं खाल्लेलं नको. पन्नास झाली की मी खडा ठेवायचा. सहा खडे झाल्यावर तिनं मला वरच्या फांदीवरची मोठी पानं तोडायला लावली.

"ही हातांना," ती म्हणाली. "लांब हुते हात त्यांचे."

सर्वपित्रीच्या आधी दोन दिवस विधी झाला. अंगणात सारवलेल्या जागी दर्भ अंथरून जोशीबुवांनी माणूस मांडायला घेतला. डोक्याच्या जागी नारळ. मग गळा, छाती, हात, पाय, पानांवर पानं, जवाच्या पिठानं सांधलेली. आम्ही सगळे बघत होतो. काकू खांबाला टेकून उभी.

"एवढे बुटके नव्हते," ती एकदम म्हणाली.

जोशीबुवांनी वर पाहिलं. "पानं मोजकीच असतात, गोदाबाई. वाढवता येत नाहीत."

"मंग पातळ मांडा. बारीकच हुते ते."

जोशीबुवांनी पायांची पानं सोडवली आणि विरळ करून वीतभर लांबवली. काकूनं मान हलवली. मी काकांना कधीच पाहिलं नव्हतं, आमच्या घरी त्यांचा फोटोही नव्हता. त्या सकाळी मी पहिल्यांदा त्यांना पाहिलं. उंच, सडपातळ, लांब हातांचा एक माणूस आमच्या अंगणात निजला होता.

आप्पांनी आणि भावकीतल्या तिघांनी त्यांना शिवनेच्या काठी नेलं. आत्या काकूच्या बांगड्या फोडायला पुढं आली, पण तिचा हात पुढं होईना, तेव्हा काकूनंच दोन्ही मनगटं जात्याच्या कडेवर आपटली. कुंकूही तिनंच पुसलं. ती रडली नाही. बायका वाट बघत होत्या तिच्या रडण्याची. रडायचं कुणासाठी, हे तिचं ठरलंच नव्हतं. नदीकडून धूर दिसायला लागला, पांढरा, जड, वर न जाणारा. पानं ओली होती. जळता जळेनात, असं आप्पा नंतर आईला सांगत होते.

दुसऱ्या वर्षी आईला मुलगा झाला. धडधाकट, घर डोक्यावर घेणारा. गाव म्हणालं, विठ्ठल सुटला. दहा दिवसांनी त्याच तोंडांनी म्हटलं, विठ्ठलच आला. आत्यानं तर बारशाला हेच नाव सुचवलं. सगळे आनंदात होते. काकू पाळण्याच्या दोरीला हात न लावता म्हणाली,

"ते नाव नका ठिऊ. ते आल्यावर एका घरात दोन विठ्ठल कसे व्हायचे?"

मुलाचं नाव दत्ता ठेवलं.

ज्या बाळाकडं बघून घर निश्चिंत झालं, त्याच बाळानं काकूला सांगितलं की ते खरंच गेले. गती मिळाली म्हणून पाळणा हलला. म्हणजे गती मिळण्याजोगे ते झाले होते. तीन-चार महिने तिनं दत्ताला मांडीवर घेतलं नाही. मग एकदा त्याला ताप भरला, आई थकून झोपली, आणि काकूनं त्याला उचललं ते खाली ठेवलंच नाही. पुढं तो तिच्याच अंगाखांद्यावर वाढला. सतरा-अठरा वर्षांचा झाला तेव्हा एकदा माळवदावरची कणसं काढायला त्यानं नुसता हात वर केला आणि शिडीशिवाय त्याचा हात पोचला. काकू माझ्या शेजारी उभी होती. "हात बघितलास का?" एवढंच म्हणाली. पुनर्जन्म ती मानत होती की नाही, मी तिला कधी विचारलं नाही. मानला असता तर नवरा पुतण्या होऊन जेवायला वाढ म्हणत होता. न मानला तर तो कुठंच नव्हता. दोन्हींतलं काय सोसायला सोपं, कोण सांगणार.

आप्पा गेले, आई गेली. माझी नोकरी, संसार सगळा शहरात. काकू ऐंशीच्या घरात गेली तेव्हा दत्ता तिला माझ्याकडं घेऊन आला. इथं दवाखाना जवळ. तोवर तिच्या आठवणी शेवटाकडून पुसल्या जायला लागल्या होत्या. आधी सकाळचं जेवण विसरली, मग माझी मुलं, मग आप्पा-आई गेल्याचं. तिचं आयुष्य मागं मागं सरकत होतं. असंच सरकत सरकत ते एका भाद्रपदाच्या दुपारी येऊन थांबलं.

"आगं," तिनं मला विचारलं, "ह्ये आजून आले नायत फुलंब्रीहून?"

मी खरं बोलणारी बाई. आयुष्यभर मुलांना तेच शिकवलं. तिचा हात धरून म्हणाले, "काकू, त्यांना जाऊन लई वर्षं झाली. तूच तर पानं निवडली होतीस."

तिनं आपलं कपाळ चाचपलं. मग मनगटं. आणि मग ती रडली. मोठ्यानं, ऊर बडवून, एकोणीस वर्षांच्या पोरीनं रडावं तशी. अंगणात उभं राहून तिनं जे रडू येऊ दिलं नव्हतं ते माझ्या दोन खोल्यांच्या घरात इतक्या वर्षांनी आलं. शेजारपाजार गोळा झाला. मी तिला दुसऱ्यांदा विधवा केलं होतं, आणि या वेळी करणारी मी एकटी होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं पुन्हा विचारलं, "ह्ये आजून आले नायत?"

"येतील," मी म्हणाले. "वाट खराब आहे."

"जेवून निघाले का?"

"व्हय. भाकरी बांधून दिलीय."

तिचं समाधान झालं. मग रोज दुपारी हेच. एकदा तिनं आरसा मागितला. बघत राहिली. "माझं कुकू कुठं ठिवलं तू?" मी देवघरापाशी गेले, करंडा हातात घेतला आणि उभी राहिले. जे घडलं ते खरं, की तिच्या डोळ्यांना जे दिसतंय ते? या जगाला माया म्हणणाऱ्या थोरांनी अशा वेळी काय करावं ते कुठं सांगून ठेवलंय का, मला आठवेना. मी तिच्यापुढं बसले आणि तिच्या सुरकुतलेल्या कपाळावर कुंकू लावलं. ते जरा वाकडं झालं. तिनं ते स्वतः नीट केलं.

त्या वर्षीच्या पितरपाठात, एका सकाळी चहा घेता घेता काकू गेली.

दत्ता देवगावहून आला. त्याला सगळं माहीत होतं; सातबाऱ्यावर तिचं विधवा म्हणून लागलेलं नाव, तिचे कागद, सगळं त्यानंच सांभाळलेलं. वाडीवस्तीवरची माणसं आली, शेजारच्या बायका आल्या. सामानाची यादी करायला आलेला तरुण गुरुजी दारातच थांबला आणि त्यानं हळूच विचारलं, "आजी सवाष्ण होत्या का? म्हणजे त्याप्रमाणे..."

सगळे माझ्याकडं पाहायला लागले, आणि मी दत्ताकडं. तो काकूच्या उशाशी बसला होता. तिच्या कपाळावर आदल्या दिवशीचं कुंकू तसंच होतं. त्यानं ते बराच वेळ पाहिलं. मग डोळे पुसून उठला आणि खुंटीवरची गाडीची किल्ली काढली.

"अक्का," तो म्हणाला, "हिरवं लुगडं कुठं मिळंल इथं जवळ?"